नाताळची क्रूझ ठरली असेल तर गाऊन विकत घेऊ नका

नाताळात, ३१ डिसेंबरला किंवा दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला निघालेल्या प्रत्येकीला मी आधी एकच सांगते: रात्रीच्या जेवणासाठी म्हणून गाऊन विकत घेऊ नका. कपाटात लग्नाच्या रिसेप्शनला नेसलेली साडी आहे, मालकांचा कोट आहे, तेवढ्यावर भागतं. डोकं लावायचं ते हे कपडे न चुरगळता बोटीवर कसे न्यायचे आणि तिथल्या वाऱ्यात, एसीत कसे सांभाळायचे, याला.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं शिवणकाम आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शिवलेली नऊवारी, पुरुषांचे कोट-पँट ऑल्टर करणं, सगळं होतं. अलीकडं सुट्ट्यांच्या तोंडावर क्रूझला जाणारी गिऱ्हाइकं वाढलीत. कुणी मुंबईला बॅलार्ड पिअरवर बोटीत बसून गोवा, लक्षद्वीप करून येतात, कुणी विमानानं सिंगापूरला जाऊन तिथनं बोट पकडतात. कुणाची लेक अमेरिकेत असते आणि ती आईवडिलांना मियामीहून घेऊन जाते. एजंटानं व्हॉट्सॲपवर 'फॉर्मल नाइट' एवढंच लिहिलेलं असतं आणि ते दोन शब्द घेऊन माणसं माझ्याकडं काळजीनं येतात. मीही घरच्यांबरोबर बोटीवर राहून आलेय, त्यामुळं शिलाईच्या पलीकडचंही थोडं सांगू शकते.

आधी एवढं समजून घ्या

तिकिटात धरलेलं रात्रीचं जेवण बोटीवर बहुधा दोन ठिकाणी मिळतं. एक बुफे आणि दुसरी मेन डायनिंग रूम, जिथं टेबलावर बसवून वाढतात. कपड्यांचे नियम मुख्यतः या दुसऱ्या जागेचे. आठवड्याच्या सफरीत साधारण दोन रात्री फॉर्मल असतात, म्हणजे त्या रात्री नटूनथटून जेवायला जायचं. कार्निव्हल कंपनी त्यांना 'क्रूझ एलिगंट' म्हणते. २ ते ५ दिवसांच्या सफरीत अशी एक रात्र, ६ किंवा जास्त दिवस असतील तर दोन. नॉर्वेजियन नावाच्या कंपनीच्या बोटींवर अशी सक्ती नसते. कुनार्डच्या जहाजांवर मात्र 'गाला इव्हनिंग'ला खरोखरच काळा सूट आणि बो टायचा थाट असतो, आणि तरीही त्यांच्याच नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो असं लिहिलंय. म्हणजे आपली साडी आणि बंदगळा तिथंही बिनधास्त चालतो.

फॉर्मल नाइट २५ तारखेलाच असेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा ती ज्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात, कारण त्या दिवशी माणसं फिरून दमलेली नसतात आणि आवरायला वेळ असतो. बोटीच्या ॲपवर किंवा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात 'आजचा पोशाख' लिहिलेला असतो. एजंटाला निघण्याआधी एवढाच प्रश्न विचारा: कोणत्या तारखांना फॉर्मल आहे? उत्तर मिळालं की बॅग निम्मी भरलीच म्हणायची.

बाकीच्या रात्री सलवार-कुर्ता, साधी साडी, पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट. हाफ चड्डी, बिनबाह्यांचा बनियनसारखा टी-शर्ट, डोक्यावर टोपी, स्विमिंगचे कपडे हे रात्रीच्या वेळी डायनिंग रूममध्ये चालत नाही. ज्याला अजिबातच नटायचं नाही त्यानं त्या रात्री बुफेला जेवावं.

साडी कुठली न्यायची

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळी गडबड इथंच होते. दुकानात हलकी साडी म्हणून शिफॉन नाहीतर ऑर्गेन्झा दाखवतात. ऑर्गेन्झा पेटीत घातली की तिला जी मोड पडते ती इस्त्रीशिवाय जात नाही, आणि बोटीवर इस्त्री न्यायला बहुतेक कंपन्यांची बंदी आहे. आगीच्या भीतीनं इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारं स्टीमर, दोन्ही बॅग तपासताना काढून ठेवतात. पैसे देऊन इस्त्री करून मिळते, पण सणाच्या दिवशी सगळ्यांनाच ती हवी असते. शिफॉन चुरगळत नाही, मात्र डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या गच्चीवर, पाय ठेवला की पदर तोंडावर. रंकाळ्यावर जूनमध्ये वारा सुटतो ना, तसा वारा बोट चालू असताना वरच्या डेकवर बारा महिने असतो.

म्हणून फॉर्मल रात्रीसाठी माझं मत पैठणीलाच. अंगचं वजन असल्यामुळं तिच्या निऱ्या जागेवर राहतात आणि पदर उडत नाही. शिवाय फोटोत तिच्या पदरावरचे मोर जेवढे उठून दिसतात तेवढं दुसरं काही दिसत नाही. बोटीवर जिन्याजवळ फोटोग्राफर उभे असतात, त्या रात्रीचे फोटो सगळे तिथंच निघतात. पैठणी नसेल तर रेशमी पदराची इरकल न्या. दुसऱ्या फॉर्मल रात्रीसाठी क्रेपची साडी आणि खणाचा ब्लाऊज, ही जोडी बॅगेत जागा फारशी घेत नाही आणि दिसायला भारदस्त दिसते. काळ्या रंगाचं म्हणाल तर तिकडं फॉर्मल म्हणजे बहुतेक काळंच. आपल्याकडं सणाला काळं घालायचं काही जणींच्या मनाला पटत नाही, सासूबाई बरोबर असतील तर आणखीच. मग गर्द हिरवा, वाइन, नेव्ही ब्लू घ्या. नाताळच्या लाल-हिरव्या सजावटीत आपली हिरवी पैठणी तर शोभूनच दिसते.

आता साडी नेण्याची तयारी. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करायचं. पदराच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या घालून घ्या, वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा, आणि खांद्यावर जिथं पिन येते तिथं आणि पदराच्या टोकाला असे दोन चिमटे लावा. मग निऱ्या. त्या कमरेशी एकदा प्रत्यक्ष घालून माप बघायचं, काढायच्या, इस्त्री करून वरच्या टोकाला मोठी पिन लावून ठेवायची. अशी साडी लांबट घडी करून मलमलच्या नाहीतर जुन्या मऊ धोतराच्या कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशीम बंद करून ठेवू नका. केबिनमध्ये आरसा लहान, उभं राहायला जागा कमी, त्यात नवरा आणि पोरं आवरतायत. तयार निऱ्यांची साडी तिथं पाच मिनिटांत नेसून होते.

पिनेचंही सांगते. रेशमावर सेफ्टी पिन लावायच्या आधी तिच्यात एक छोटा मोती ओवून घ्या आणि तो पिनेच्या वळणाच्या कडेला सरकवा. पिनेचं ते गोल वळण कापडाचा धागा आत ओढतं, पदर ताणला की तिथंच फाटतो. मोती मध्ये आला की कापड वळणापर्यंत पोचतच नाही. माझ्याकडं रफूला येणाऱ्या कितीतरी साड्यांना खांद्यावर नेमकं हेच भोक असतं. त्या रात्री पदर मोकळा सोडू नका, पट्ट्या घालून पिन करा. सूपची वाटी आणि मोकळा पदर यांचं जमत नाही. आणि सेंट फवारायचा असेल तर साडी नेसण्याआधी अंगावर. जरीवर थेट पडला तर डाग राहतो.

ब्लाऊजला कोपरापर्यंत बाही शिवून घ्या. डायनिंग रूममध्ये एसी चांगलाच गार असतो आणि जेवण चार-पाच पदार्थ एकामागोमाग येत तास-दीड तास चालतं. बिनबाह्यांच्या ब्लाऊजात दुसऱ्या पदार्थालाच काकडायला होतं. एक शाल हवीच, नेहमीची लोकरीची नको, साडीवर जाईल अशी बारीक विणीची. परकर सुतीपेक्षा सॅटिनचा बरा; चालताना साडी पायात अडकत नाही, आणि बोट हलत असताना त्याला महत्त्व आहे.

पुरुषांचं

मालकांचा लग्नातला कोट बहुतेक वेळा बसत नाही. खांदे बसत असतील तर नवीन शिवू नका. चांगल्या टेलरनं शिवलेल्या पँटच्या मागच्या शिवणीत कापड सोडलेलं असतं, ती उसवून कंबर वाढवता येते. कोटाच्या बाजूच्या शिवणीही थोड्या सुटतात. निघायच्या तीन आठवडे आधी आणा, आदल्या दिवशी नको. खांदेच बसत नसतील तर गडद रंगाचा बंदगळा शिवा. टाय लागत नाही, पुढं घरच्या लग्नकार्यातही वापरता येतो. कुर्त्यावर नेहरू जॅकेटही छान दिसतं, मात्र कुर्ता इस्त्री टिकणाऱ्या कापडाचा घ्या. लिनन टाळा, खुर्चीत बसून उठलं की मागनं पार चोळामोळा.

फेटा न्यावा का, हे इथले लोक हमखास विचारतात. न्या की! नुसतं कापड गुंडाळून नेलं तर मूठभर जागा लागते. पण बांधणारं माणूस बरोबर हवं. फोटोपुरता बांधा आणि टेबलावर बसताना उतरवा, मागच्या टेबलावरच्यांना समोरचं काही दिसू द्या.

पायात काय

कोल्हापुरी घालायचीच असेल, आणि आपण नाही घालायची तर कुणी, तर ती नवीकोरी नको. महिनाभर आधी चप्पल लाईनमधनं घ्या, तेल लावून घरात घाला, रुळू द्या. कार्पेटवर ती उत्तम चालते. ओल्या डेकवर मात्र कातडी तळ घसरतो, आणि पाण्यानं चामडं फुगून रंगही सुटतो. जेवून वर डेकवर जायचं असेल तर रबरी तळाची दुसरी जोडी पिशवीत ठेवा. बारीक टाचेची सँडल कुणीच घालू नये, बोट हलली की पाय मुरगळतो. पुरुषांना काही बोटींवर फॉर्मल रात्री बंद बूटच लागतात, तेवढं आधी विचारून घ्या.

दागिन्यांत साज आणि ठुशी पैठणीवर दुसऱ्या कशाची गरजच ठेवत नाहीत. पण सोन्याचा साज घरी ठेवा. गुजरीत एक ग्रॅमचा घ्या, टेबलावरच्या दिव्यात कुणाला फरक कळत नाही. खरंच सोनं न्यायचं असेल आणि परदेशी जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडनं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना हे कुठून आणलं असा प्रश्न येत नाही. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते, ती वापरा.

मुलांना मखमलीचे झगे नकोत, टोचतात आणि ती रडतात. सुती अस्तराचं काहीही चालतं. जास्तीचा एक जोड मात्र लागतोच.

३१ तारखेची रात्र

ही रात्र वेगळी. आधी एसीत जेवण आणि मग बाराच्या ठोक्याला अनेक बोटींवर सगळे उघड्या डेकवर. एकाच पोशाखाला दोन्ही निभवावं लागतं. सिंगापूरकडं डिसेंबर म्हणजे पावसाचे दिवस आणि दमट उकाडा, म्हणून तिथं पैठणी नेसून डेकवर जाऊ नका. क्रेप किंवा जॉर्जेट, पदर घट्ट पिन केलेला. दुबईकडं रात्री हवा सुखद असते. भूमध्य समुद्रात डिसेंबरात चांगली थंडी, तिथं साडीखाली थर्मल घाला आणि वर लांब कोट. गर्दीत नाचायचं असेल तर अनारकली किंवा चुडीदार घाला, साडीचा हट्ट धरू नका.

बॅग भरताना

देशातल्या विमानात साधारण १५ किलो सामान आणि हातात ७ किलो, एवढ्यात सगळं बसवायचं असतं. एक पैठणी, एक क्रेपची साडी, एक चुडीदार, दोन ब्लाऊज, शाल एवढं फॉर्मलचं पुरे. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यावर चुंबकाचे हूक चिकटतात. चार हूक न्या, साडी आणि कोट अडकवायला जागा होते. थोडी चुरगळलेली साडी अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या वाफेत टांगली की बरीच सरळ होते. रेशीम मात्र तिथं नको.

बोटीवर चढताना मोठ्या बॅगा आपल्या हातातनं काढून घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला कधीकधी संध्याकाळ उलटते. म्हणून पहिल्या रात्रीच्या जेवणाचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा, नाहीतर प्रवासाच्या घामट कपड्यांत जेवायला जावं लागतं. शेवटच्या रात्री उलटं असतं. झोपायच्या आधी पेट्या केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. सकाळी उतरताना घालायचे कपडे आणि चपला बाजूला काढल्याशिवाय पेटीला कुलूप लावू नका. पैठणी त्या पेटीत घालायचीच नाही, मलमलमध्ये बांधून स्वतःच्या हातात ठेवायची. घरी आल्यावर ती लगेच कपाटात टाकू नका. समुद्राची दमट हवा जरीत बसलेली असते; एक दिवस सावलीत पसरून ठेवा, मग आधीच्या मोडीवरची घडी बदलून ठेवून द्या.