ट्रेग पेशींवर काम सुरू करताय? आधी सीडी२५ ओळखा

एमएस्सीला असताना मी वहीत एक ओळ लिहून घेतली होती : ‘रेग्युलेटरी टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे पोलीस.’ (ट्रेग हे त्यांचंच छोटं नाव.) परीक्षेपुरती ती ओळ ठीक होती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मात्र तिने माझे तीन महिने खाल्ले.

उंदराच्या प्लीहेतून सीडी४ आणि सीडी२५ ही पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिनं असलेल्या पेशी, म्हणजे ट्रेग, मी सॉर्ट करून वेगळ्या काढल्या. टी सेल रिसेप्टरला चालना देणाऱ्या अँटिबॉडी घातल्या आणि प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी बघते तर बहुतेक ट्रेग मेलेल्या. शेजारच्या वेलमधल्या साध्या टी पेशी मात्र गुच्छ करून मजेत वाढत होत्या. मी मीडियम बदललं, सीरम बदललं, सॉर्टरलाही नावं ठेवली. शेवटी लॅबमधल्या एका सीनियर दादाने विचारलं, “आयएल-२ किती घातलंस?”

घातलंच नव्हतं.

आयएल-२ म्हणजे इंटरल्युकिन-२, टी पेशींना वाढवणारा रेणू. साधी टी पेशी चालना मिळाली की आपलं आयएल-२ आपणच बनवते. ट्रेगला ते जमत नाही, कारण तिच्यातलं फॉक्सपी३ हे प्रथिन आयएल-२च्या जनुकालाच दाबून ठेवतं. पण ते पकडायला तिच्याइतकं तयार कोणी नाही. आयएल-२च्या रिसेप्टरला तीन साखळ्या असतात : सीडी२५, सीडी१२२ आणि सीडी१३२. शेवटच्या दोघी मिळूनही आयएल-२ पकडतात, पण सोबत सीडी२५ असेल तर पकड सुमारे १०० पट घट्ट होते. गंमत म्हणजे सीडी२५ स्वतः आत काहीच कळवत नाही; तिची आतली शेपटी अगदीच आखूड. निरोप जातो तो बाकी दोघींमार्फत : जॅक१ आणि जॅक३ हे एन्झाइम जागे होतात, ते स्टॅट५ या प्रथिनाला फॉस्फेट लावतात, स्टॅट५ केंद्रकात जाऊन फॉक्सपी३चं जनुक चालू ठेवतं.

म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याच ताटातलं ही पेशी खाते. तिचं पोट भरतं आणि त्यांचं ताट रिकामं होतं. पोलिसांच्या उपमेत हे कुठेच बसत नाही.

हे कळल्यावर जुने पेपर वेगळेच दिसायला लागले. १९९३ साली आयएल-२ नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टी पेशींना वाढवणारा रेणूच नाही, तर प्रतिकारशक्ती लंगडी पडायला हवी होती. त्या उंदरांना उलट झाला आतड्याचा दाह, म्हणजे प्रतिकारशक्ती मोकाट सुटली. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या, सीडी२५ असलेल्या पेशी दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रुन्को आणि फ्रेड राम्सडेल यांच्या चमूने स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे आजारी पडणाऱ्या ‘स्कर्फी’ उंदरातलं बिघडलेलं फॉक्सपी३ शोधलं, आणि २००३ मध्ये सीडी२५च्या पेशी आणि फॉक्सपी३ हे दोन्ही धागे जुळले. या तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. हे पेपर तुम्ही याच क्रमाने वाचा, रिव्ह्यू नंतर.

एकटं आयएल-२ही पुरत नाही. प्रौढ ट्रेगमधून टी सेल रिसेप्टर काढून टाकला, तर फॉक्सपी३ बहुतांशी टिकतं, पण इतर पेशींना आवरण्याची ताकद जाते. ओळखपत्र खिशात, काम बंद! म्हणून नुसते फॉक्सपी३चे टक्के दाखवून ‘ट्रेग व्यवस्थित आहेत’ असं लिहू नका. गाइड नाही, तर रिव्ह्यूअर तरी विचारेलच.

उंदरावरून माणसाच्या रक्ताकडे वळलात की आणखी एक खड्डा. माणसात चालना मिळालेल्या साध्या टी पेशींवरही सीडी२५ येतं, आणि थोडा वेळ फॉक्सपी३सुद्धा. म्हणून सीडी१२७ हे पृष्ठभागावरचं आणखी एक प्रथिन कमी असलेल्या पेशी निवडायच्या. जिवंत पेशी फॉक्सपी३वर सॉर्ट करता येत नाहीत. ते केंद्रकात असतं, ते रंगवायला पेशीला भोकं पाडावी लागतात आणि मग ती जगत नाही.

फॉस्फो-स्टॅट५, म्हणजे फॉस्फेट लागलेलं स्टॅट५, मोजणं हा माझा आवडता प्रयोग आहे आणि सगळ्यात जास्त वेळा फसलेलाही. आयएल-२ दिल्यावर १५ मिनिटांनी पेशी तिथल्या तिथे फिक्स करा. आधी धुवायला गेलात तर फॉस्फेट उतरायला लागतं. पुढची पायरी थंडगार मेथनॉलची. मी सीडी२५ पीई या चमकत्या रंगाने आधीच रंगवून ठेवलं होतं. मेथनॉलने पीईची वाट लावली आणि सायटोमीटरवर माझ्या ट्रेगना सीडी२५च नव्हतं. त्या दिवशी दादाने काही न बोलता मेथनॉलच्या बाटलीवर मार्करने मोठ्ठं लिहिलं : ‘पीई, एपीसी नंतर.’ (एपीसी हाही तसाच रंग.) बाटल्या बदलल्या, पण ती ओळ आता मी लिहिते.