आंतरराष्ट्रीयीकरणाचं धोरण लिहायला बसताना

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे लवकरच धोरणाचा मसुदा करायचं काम येतं. सोबत जुन्या सामंजस्य करारांची फाईल मिळते आणि क्रमवारीत वर चढायची अपेक्षाही. या दोन्हींपासून सुरुवात केली की मसुदा पहिल्याच पानावर भरकटतो. टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत 'आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन' या घटकाला ७.५ टक्के वजन आहे. त्यात मोजले जातात ते मुख्यतः परदेशी विद्यार्थी, परदेशी अध्यापक आणि परदेशी सहलेखकांबरोबरचे शोधनिबंध. बाहेर सत्र करून आलेल्या मुलीचं वर्ष वाया गेलं की वाचलं, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. धोरण चांगलं की वाईट हे मात्र तिथेच ठरतं.

उच्च शिक्षणाच्या अभ्यासक जेन नाइट यांची २००३ ची व्याख्या या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते: उच्च शिक्षणाचा हेतू, कार्य आणि अध्यापन यांत आंतरराष्ट्रीय, आंतरसांस्कृतिक किंवा जागतिक परिमाण मिसळण्याची प्रक्रिया. २०१५ मध्ये युरोपीय संसदेसाठी झालेल्या अभ्यासात या व्याख्येला जोड मिळाली. ही प्रक्रिया हेतुपूर्वक असावी आणि तिचा फायदा सर्व विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना व्हावा, असं त्यात आलं. यातल्या 'सर्व' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. परदेशी जाणारे विद्यार्थी नेहमीच थोडे असतात. उरलेल्यांसाठी धोरणात एकही ओळ नसेल, तर तो फक्त प्रवासाचा आराखडा झाला.

पहिले तीन महिने काही लिहू नका, मोजणी करा. प्रत्येक करारापुढे तीन गोष्टी नोंदवा: गेल्या तीन वर्षांत किती जण गेले-आले, दोन्ही बाजूंना आज जबाबदार व्यक्ती कोण, आणि कोणत्या विभागाला त्याचा उपयोग झाला. बरेच करार नुसते निजलेले सापडतील. ते समारंभपूर्वक रद्द करायची गरज नाही, मुदत संपली की नूतनीकरण करू नका म्हणजे झालं. मग ग्रंथालयाकडून परदेशी सहलेखक असलेल्या शोधनिबंधांची यादी मागवा. जिथे खरं काम चालू आहे तिथे करारच नाही आणि जिथे करार आहे तिथे काम नाही, हे चित्र हमखास दिसतं. पुढचे भागीदार ग्रंथालयाच्या या यादीतून निवडा. अध्यापकांची ओळख आधीपासून असली की करार त्यांच्या बदलीनंतर किंवा निवृत्तीनंतर कोण चालवणार, एवढंच ठरवायचं राहतं. तेही लेखी ठरवा, कारण एकाच माणसावर उभा असलेला करार त्याच्याबरोबरच जातो.

उद्दिष्टं तीन-चारच ठेवा. 'परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. 'तीन वर्षांत प्रत्येक पदवी कार्यक्रमात एक सत्र बाहेर शिकण्यासाठी मोकळं करणे' हे उद्दिष्ट, कारण ते झालं की नाही हे कुणालाही तपासता येतं. त्याची जबाबदारी अभ्यासमंडळाकडे द्या, आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे नको. अभ्यासक्रम बदलायचा अधिकार नसलेल्या कार्यालयाच्या नावावर हे काम टाकलं की ते तसंच पडून राहतं.

आता क्रेडिट, म्हणजे बाहेर केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठात मोजून घेणं. धोरणं सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून या भागाला वेळ द्या. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या आणि हस्तांतरित करण्याच्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, सत्राचे ३०, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात. त्या तासांत वर्गाबाहेरचा अभ्यासही येतो. समजा, तुमच्याकडे सत्रात ६ क्रेडिटचे पाच विषय आहेत. यजमान विद्यापीठात ७.५ क्रेडिटचे चार आहेत. दोन्हीकडे बेरीज ३०. तरीही परीक्षा विभाग विषयासमोर विषय मांडत गेला की चार ओळी जुळतात आणि पाचवी रिकामी राहते. विद्यार्थी पूर्ण सत्र उत्तीर्ण होऊन येतो आणि इथे त्याच्या नावावर एक विषय राहिलेला दिसतो. चूक कुणाचीच नसते, जुळवणीची पद्धत चुकलेली असते. यावर उपाय म्हणजे विषयवार जुळवणी सोडून पूर्ण सत्राची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय येतं, ते बघायचं आणि ३० क्रेडिट एकगठ्ठा मान्य करायचे. त्यासाठी अनिवार्य विषय त्या सत्रातून आधीच दुसरीकडे हलवलेले असावे लागतात. सत्र 'मोकळं' करायचं ते यासाठी.

नियमावलीत हेही घाला की यजमानाचा विषय नाकारायचा असेल तर भरीव फरक दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर राहील. परदेशी शिक्षणाला मान्यता देण्याबाबतच्या १९९७ च्या लिस्बन मान्यता कराराचा गाभा हाच आहे. युनेस्कोचा याच विषयावरचा २०१९ चा जागतिक करार मार्च २०२३ पासून लागू झाला, त्यातही हेच तत्त्व आहे. 'आमच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण त्यांच्याकडे नाही' हा भरीव फरक होत नाही.

गुणांचंही तसंच. त्यांचा ८० टक्के म्हणजे आपला ८० टक्के, असं कधीच धरू नका. काही ठिकाणी ७० च्या वर फार थोडे जातात, काही ठिकाणी अर्धा वर्ग जातो. दोन्हीकडच्या श्रेणींचं वितरण शेजारी ठेवून रूपांतर करा: तिथे वरच्या दहा टक्क्यांत असलेल्याला इथे वरच्या दहा टक्क्यांना मिळणारी श्रेणी. विद्यार्थी तिथे कोणते विषय घेणार आणि ते इथे कसे धरले जाणार हे लिहिलेल्या अध्ययन करारावर निघण्यापूर्वीच तिघांच्या सह्या हव्यात: विद्यार्थी, घरचं विद्यापीठ आणि यजमान. तिथे पोचल्यावर विषय बदलतात, वेळापत्रकं आदळतात, म्हणून बदलाला सत्र सुरू झाल्यापासून मुदत द्या आणि घरून मंजुरी कोण देणार ते नावानिशी लिहा. निकालानंतर पाच आठवड्यांत गुणपत्रक पाठवायचं, ही इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतली अट तुमच्याही करारात घालून घ्या.

देवाणघेवाणीत जाणाऱ्या आणि येणाऱ्यांचा समतोल डोकी मोजून काढू नका, सत्रं मोजा. वर्षभर राहिलेला एक विद्यार्थी म्हणजे दोन सत्रं. हिशेब दरवर्षी बरोबर करायचा हट्ट धरला की करार मोडतो, तो कराराच्या पूर्ण मुदतीत जुळला म्हणजे पुरे. शुल्कमाफी, विमा, राहण्याची सोय, आणि करार संपला तरी आलेल्या विद्यार्थ्यांचं सत्र पूर्ण होईल याची हमी, ही कलमं वगळू नका. निवडीचं वेळापत्रक उलटं मोजा. व्हिसा, प्रवेशपत्र, नामांकन यांना लागणारा वेळ धरला तर सत्राच्या आठ-नऊ महिने आधी निवड झालेली हवी. उशीर झाला की ज्यांच्याकडे पैसे आणि पासपोर्ट तयार आहेत तेच जातात, आणि ज्यांच्यासाठी धोरण लिहिलं ते मागे राहतात.

न जाणाऱ्यांसाठी माल्मोचं उदाहरण लक्षात ठेवावं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या स्वीडिश विद्यापीठाकडे जुन्या भागीदारांचं जाळं नव्हतं. बेंग्ट निल्सन यांनी तिथूनच घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरणाची कल्पना मांडली. आज त्यातला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग म्हणजे दोन देशांतल्या वर्गांनी मिळून ऑनलाइन प्रकल्प करणं, ज्याला कॉइल म्हणतात. सहा आठवडे पुरतात: पहिला आठवडा ओळखीला, मग तुलनेचं छोटं काम, तीन आठवडे एकत्र प्रकल्प, शेवटी चर्चा. पहिल्या आठवड्याची काटछाट केली की मुलं पुढे एकमेकांशी बोलतच नाहीत. एका बाजूला प्रकल्पाला अंतिम गुणांत २० टक्के वजन आणि दुसऱ्या बाजूला शून्य, असं असलं की दुसरी बाजू तिसऱ्या आठवड्यात गप्प होते. वजन दोन्हीकडे आधीच सारखं करून घ्या. काही देशांत ऋतूनुसार घड्याळं बदलतात, म्हणून मध्येच कुणाचं घड्याळ तासभर पुढे-मागे होणार आहे का, तेही बघा.

अंदाजपत्रकात प्रवासाच्या पैशांआधी माणसांचा खर्च धरा: परीक्षा विभागात क्रेडिट जुळवणारा एक आणि व्हिसा-निवासाची कामं पाहणारा एक. दोघांच्याही गैरहजेरीत काम कोण करेल तेही लिहा. मसुदा विद्यापरिषदेकडे जाण्याआधी परीक्षा विभाग, वसतिगृह आणि वित्त विभाग यांना स्वतंत्रपणे दाखवा. त्यांचे आक्षेप सभेत पहिल्यांदा ऐकायची वेळ आली तर विषय पुढच्या सभेवर जातो.

वर्षाच्या शेवटी आढावा घेताना किती जण गेले हा आकडा बाजूला ठेवा आणि परत आलेल्यांची गुणपत्रकं टेबलावर घ्या. अध्ययन करारातली प्रत्येक ओळ आपल्या नोंदीत उतरली का, किती दिवसांत उतरली, आणि जी उतरली नाही ती कुणाच्या टेबलावर अडली, हे एकेका विद्यार्थ्याचं नाव समोर ठेवून तपासा.