एकशेतीसवर सापडलेला दोष

मेटलर्जीचा डिप्लोमा करून भोसरी एमआयडीसीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात क्वालिटीला लागले, तेव्हा एनडीटी (माल न तोडता दोष शोधणं) म्हणजे लाल पेनिट्रंट मारायचं, पुसायचं आणि पांढऱ्या डेव्हलपरवर रेघ उमटते का बघायचं, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात यूटीचं, म्हणजे अल्ट्रासॉनिक लाटांनी आतले दोष शोधायचं, मशीन हातात दिलं. समोर 100 मिमी व्यासाचा गोल बार. ग्रीस लावलं, सरळ बीमचा प्रोब टेकवला. स्क्रीनवर 100 मिमीला बॅक वॉलचा, म्हणजे पलीकडच्या कडेचा, एको आला, तो ठीक. पण त्याच्या पुढे 130 ला आणखी एक शिखर आणि 167 ला तिसरं! मी ऐटीत खडूनं गोल काढला आणि 'रिजेक्ट' लिहून टाकलं.

आमचे लेव्हल टूचे (तपासनिसाच्या दुसऱ्या पातळीचे) काका आले. स्क्रीन पाहिली.
"बार केवढ्याचा गं?"
"शंभरचा."
"आणि दोष एकशेतीसवर. म्हणजे टेबलात आहे. टेबल रिजेक्ट करायचं का?"

सगळी लाइन हसली. मग काकांनी त्याच खडूनं जमिनीवर वर्तुळ काढलं, आत त्रिकोण. सपाट प्रोब गोल पृष्ठभागावर ठेवला की बीम पसरतो. त्यातला काही भाग दोन ठिकाणी आपटून त्रिकोणी वाटेनं परत येतो, तो व्यासाच्या 1.3 पटीवर दिसतो. वाटेत त्याचाच काही भाग शिअर (आडव्या कंपनाच्या) लाटेत बदलतो. स्टीलमध्ये सरळ लाट सेकंदाला सुमारे 5900 मीटर पळते, शिअर सुमारे 3200. ती रेंगाळते, म्हणून 1.67 पटीवर उगवते. ही दोन्ही शिखरं प्रत्येक चांगल्या गोल बारमध्ये असतात.

हे आठवायचं कारण, मध्यंतरी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये एका प्रदर्शनाला गेले होते. फेज्ड अ‍ॅरेच्या स्टॉलला डिप्लोमाच्या पोरांचा गराडा. एकानं विचारलं, "ताई, साधं यूटी सोडून डायरेक्ट पीएयूटीचाच (फेज्ड अ‍ॅरे यूटीचा) कोर्स केला तर?"

मोह पडावा असंच यंत्र आहे ते. साध्या प्रोबमध्ये एक क्रिस्टल असतो, यात 16, 32, 64 बारीक एलिमेंट. त्यांना क्षणाच्या अगदी सूक्ष्म फरकानं चालवलं की प्रोब न हलवता बीम वळतो. वेल्डसाठी 45, 60, 70 अंशांचे तीन प्रोब बदलत बसायचो, तिथे आता एका जागेवरून कोनांचा पूर्ण पंखा दिसतो, एन्कोडर (प्रोबची जागा मोजणारं साधन) लावला तर सगळ्या जॉइंटचा डेटा साठवता येतो, आणि ग्राहकाशी वाद झालाच तर पुन्हा उघडून दाखवता येतो. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

पण नंतरच्या नोकरीत, टाक्या बनवणाऱ्या एका शॉपमध्ये, याच यंत्रानं माझी फजिती केली. म्हणजे मीच करून घेतली. मेनूमध्ये वेज (प्रोबखालचा तिरका ठोकळा) भलताच निवडला होता. सगळं चित्र काही मिलिमीटर सरकलं आणि रूटचा (वेल्डच्या तळाचा) साधा एको साइड वॉलवर (वेल्डच्या बाजूच्या कडेवर) जाऊन बसला. लॅक ऑफ फ्यूजन (वेल्ड कडेला नीट न चिकटणं) म्हणून मी रिपेअर काढला. वेल्डरनं तासभर गाउजिंग केलं, म्हणजे वेल्ड कोरून काढला. आत काहीच नाही. "मॅडम, आता तुम्हीच भरा," म्हणाला आणि टॉर्च माझ्यासमोर ठेवला. आधी साध्या प्रोबनं त्या जागी फिरून पाहिलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून त्या मुलाला म्हटलं, वर्षभर साधं यूटी कर. व्ही-वन ब्लॉकची (मशीन जुळवायच्या प्रमाण ठोकळ्याची) 100 मिमीची त्रिज्या आणि 25 मिमीची जाडी डोळे झाकून सापडली पाहिजे.

एक्स-रेचंही पालटतंय. डाय कास्टिंगवाल्यांकडे आता बंद कॅबिनेटमध्ये डिजिटल पॅनेल असतं. फिल्म नाही, डार्करूम नाही, सच्छिद्रता लगेच पडद्यावर. गॅमाचं, म्हणजे किरणोत्सारी सोर्सनं फिल्म काढायचं, काम मात्र वेगळं. इरिडियम-192 चं अर्धायुष्य 74 दिवस, त्यामुळे सोर्स जुना झाला की एक्सपोजर लांबत जातं. त्यासाठी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांप्रमाणे स्वतंत्र प्रशिक्षण आणि छातीवर टीएलडी (किरणोत्साराचा डोस मोजणारा) बॅज. "नंतर शिकून घेऊ" हे तिथे चालत नाही.

आता सर्टिफिकेटचं, कारण पैसे इथेच फुकट जातात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एसएनटी-टीसी-1ए या अमेरिकन शिफारशीप्रमाणे काम चालतं, आणि त्यात सर्टिफिकेट देणारी असते तुमची कंपनी. क्लास लावून मिळतो तो प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा पुरावा. यूटीला लेव्हल वनसाठी 210 आणि लेव्हल टूसाठी 630 तासांचा अनुभव धरतात. नोकरी बदलली की नवी कंपनी पुन्हा तपासणार, मग सही. आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकात स्वतंत्र संस्था प्रमाणपत्र देते, ते महाग पडतं. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, जॉब, पद्धत, तास, वरिष्ठांची सही. मी दीड वर्ष ठेवली नव्हती. ते तास कुणीच धरले नाहीत.

आणि डोळे. दरवर्षी जवळच्या नजरेची तपासणी होते, जेगर तक्त्यातली (नजर तपासायच्या बारीक अक्षरांच्या) क्रमांक 2 ची अक्षरं 30 सेंमीवरून वाचता यावी लागतात. चष्मा चालतो. मला यंदा लागला.