मुकरच्या गडग्यातलं खिंडार कसं बुजवायचं

इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये, स्वेलडेल खोऱ्यात मुकर हे इवलंसं गाव आहे. तिथली गवताची कुरणं वेगळी करणाऱ्या दगडी भिंती चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या आहेत. कोकणातला गडगाच म्हणा, फक्त जांभ्याऐवजी तिथला ओबडधोबड दगड. प्रत्येक भिंतीला मालक असतो, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खिंडार पडलं की ढीग पायापर्यंत उपसा. दोन्ही टोकांचे लटके दगडही काढून तिथे पायऱ्या ठेवा, म्हणजे नवं काम जुन्यात गुंतेल. भिंतीलगत चालायला दीड-दोन फूट जागा सोडून दगड पसरा. माथ्याचे सगळ्यात दूर, ते शेवटी लागतात. कपच्या मात्र हाताशी. हा तास वाचवलात, तर दिवस दगड हुडकण्यात जाईल.

पाया साधारण 28 इंच रुंद, माथ्याखाली भिंत 14 ते 16 इंच. दोन्ही बाजूंना दोरी ताणा आणि थरागणिक वर घ्या. खरं तर या दोन भिंती असतात, एकमेकींकडे कललेल्या. दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे. लांब बाजू दर्शनी लावली की काम झरझर उरकतं, दिसतंही छान, पण असा दगड पुढे बाहेर निसटतो. सांध्यावर सांधा नको, एक दगड खालच्या दोघांवर बसवा.

खरी मेख पोटात आहे. प्रत्येक थर झाला की मधली पोकळी कोनेदार कपच्यांनी हाताने ठासून भरा. फावड्याने लोटू नका. माती तर अजिबात नको: पावसात वाहून जाते, थंडीत गोठून फुगते आणि भिंतीला पोट सुटतं. डुगडुगणाऱ्या दगडाला पाचर आतून द्या, बाहेरून ठोकलेली गळून पडते. सिमेंटचा मोहही टाळा, पाणी अडतं आणि भिंतीला हलकेच खचायला वाव उरत नाही.

दोनेक फूट उंचीवर, गजभर अंतराने, दोन्ही भिंतींना बांधणारे आरपार दगड टाका. उंच भिंतीला वर आणखी एक रांग. ते जड असतात, दोघांनी उचला.

माथ्याचे दगड उभे, एकमेकांना घट्ट भिडवून लावा, फटींत पाचरी मारा. मेंढी उडी मारते तेव्हा पहिला धक्का यांनाच बसतो. एक हलला की शेजारचेही सुटतात.