रॉ फाइलवरची मोफत कार्यपद्धती इतरांना वापरता येईल अशी कशी द्यावी

छायाचित्रकारांच्या गटांत मोफत प्रीसेटची, म्हणजे संपादनाच्या तयार सेटिंगची, देवाणघेवाण पुष्कळ होते, परंतु ज्याला प्रीसेट मिळतो त्याच्या छायाचित्रावर तो क्वचितच नीट बसतो. प्रीसेटमध्ये केवळ नियंत्रणांचे आकडे असतात. ते कोणत्या प्रकाशात, कोणत्या कॅमेऱ्याच्या फाइलवर, कोणत्या क्रमाने आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत ठरवले, हे त्यातून कळत नाही. आपली पद्धत दुसऱ्याच्या खरोखर उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न झालेली माहिती), तिच्यासोबतची साइडकार फाइल (संपादनातील बदलांची नोंद ठेवणारी छोटी फाइल), आवृत्तीची नोंद आणि वापराची परवानगी या चारही गोष्टी एकत्र द्याव्या लागतात.

प्रथम सॉफ्टवेअरविषयी. कॅनन आणि निकॉन या कंपन्या अनुक्रमे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि एनएक्स स्टुडिओ हे प्रोग्रॅम मोफत देतात, पण ते मुख्यतः स्वतःच्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलसाठी असल्यामुळे निरनिराळे कॅमेरे असलेल्या गटाला त्यांचा उपयोग होत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी या रॉ फाइल संपादित करण्याच्या मोफत प्रोग्रॅमना ही अडचण नाही. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डीसीरॉ या छोट्या प्रोग्रॅमने बहुतेक कंपन्यांच्या रॉ फाइल उलगडण्याचा मार्ग खुला केला आणि पुढच्या अनेक मुक्त प्रकल्पांनी त्याच कामाचा आधार घेतला. डार्कटेबलचे काम २००९ मध्ये सुरू झाले. गाबोर होर्वाथ यांचे रॉथेरपी त्याहून जुने असले तरी ते खुल्या परवान्याखाली २०१० मध्ये आले. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात आणि त्यांचा जीपीएल हा खुला परवाना प्रती वाटण्याची मुभा देतो. तरीही पेन ड्राइव्हवरून जुनी प्रत देण्यापेक्षा प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता द्यावा, कारण नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. संगणकात बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर माझी पसंती डार्कटेबलला आहे. साध्या लॅपटॉपवर एकेका छायाचित्राचे काम करणाऱ्याने रॉथेरपीपासून सुरुवात करावी. त्यात कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये साठवलेल्या छोट्या जेपीईजीशी मिळतीजुळती टोन वक्ररेषा (उजेड-अंधाराचे प्रमाण ठरवणारी रेषा) आपोआप लावण्याची सोय असल्यामुळे नवशिक्याला पहिल्याच पावलावर हताश व्हावे लागत नाही.

पद्धत वाटायची तर ती आधी नीट लावलेली असावी लागते. मेमरी कार्डवरील फाइल संगणकावर घेताना प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र फोल्डर करावा आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. फाइलची आणि फोल्डरची नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी, कारण देवनागरी नावे झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडताना कधीकधी बिघडतात. विषयसूचक शब्द, म्हणजे टॅग, मात्र निर्धास्तपणे मराठीत लिहावेत. डिजिकॅम या छायाचित्रे लावून ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘पक्षी’, त्याखाली ‘पाणपक्षी’ आणि त्याखाली ‘वंचक’ अशी उतरंड करता येते, आणि हे टॅग ज्या एक्सएमपी स्वरूपात साठवले जातात त्याला युनिकोडची कोणतीही अडचण नाही. फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर असावी आणि मगच कार्ड रिकामे करावे.

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे येऊ, कारण वाटण्याजोगा ऐवज इथेच आहे. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूच्या प्रकाशासाठी १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६. ही संपत्ती हाताशी असूनही रॉ फाइल प्रथम उघडल्यावर फिकी आणि निस्तेज दिसते, याचे कारण कॅमेरा जेपीईजी तयार करताना जी वक्ररेषा आणि जी रंगछटा लावतो ती इथे अद्याप लागलेली नसते. डार्कटेबलमध्ये प्रत्येक कामाच्या नियंत्रणांचा गट म्हणजे एक मॉड्यूल; त्यात पहिले काम एक्स्पोजर मॉड्यूलने मधल्या छटा योग्य उजेडावर आणण्याचे असते, आणि तसे करताना आकाशासारखे उजळ भाग पांढरे पडू लागले तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण त्यांना आवाक्यात आणण्याचे काम पुढे फिल्मिक किंवा सिग्मॉइड हे मॉड्यूल करते. मूळ फाइलमध्येच उजळ भाग जळलेले, म्हणजे तपशील न उरता कोरे झालेले, असतील तर मात्र हायलाइट पुनर्रचनेचा, म्हणजे तो तपशील अंदाजाने भरण्याचा, आधार घ्यावा लागतो आणि त्यालाही मर्यादा आहेत. त्यानंतर रंगसंतुलन, लेन्सचे दोष काढणे आणि नॉइज (दाणेदारपणा) कमी करणे ही कामे करावीत. स्थानिक कॉन्ट्रास्ट, रंगांची धार आणि तीक्ष्णता यांना हात सर्वांत शेवटी लावावा.

गणपतीच्या मिरवणुकीतली रात्रीची छायाचित्रे या क्रमाची चांगली कसोटी घेतात. निळ्या एलईडीचा प्रकाश इतका शुद्ध असतो की चेहऱ्यावर किंवा मखरावर त्याचा सपाट, पोत नसलेला डाग उमटतो, आणि अनेक जण तो घालवण्यासाठी रंगांची तीव्रता कमी करून सगळेच छायाचित्र मरगळून टाकतात. त्याऐवजी डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमधील गॅमट कॉम्प्रेशन, म्हणजे अतिशुद्ध रंगांना आवाक्यात आणणारे नियंत्रण, थोडे वाढवावे, म्हणजे पोत बऱ्याच अंशी परत येतो. टिपतानाच कॅमेऱ्यावर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) सुरू ठेवला असेल तर निळी वाहिनी जळते आहे हे तिथेच कळते. एकत्रित हिस्टोग्रॅममध्ये ते लपून राहते.

वाटपाचा खरा आधार साइडकार फाइल आहे. हे दोन्ही प्रोग्रॅम मूळ रॉ फाइलमधील चित्राला हात लावत नाहीत. डार्कटेबल प्रत्येक बदलाची नोंद एक्सएमपी फाइलमध्ये, तर रॉथेरपी पीपी३ फाइलमध्ये करते, आणि ती फाइल काही किलोबाइटची असते. तिच्या नावात रॉ फाइलचे पूर्ण नाव विस्तारासह असते, म्हणून दोहोंपैकी एकीचेच नाव बदलले की जोडी तुटते. घेणाऱ्याने दोन्ही फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून उघडल्या की त्याला आपली प्रत्येक पायरी दिसते, ती बंद करून पाहता येते आणि आकडे बदलून काय होते हे तपासता येते; शिकण्यासाठी याहून चांगले साधन नाही. मात्र डार्कटेबलचे संपादन रॉथेरपीत उघडत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत केलेले काम जुनी आवृत्ती नीट वाचू शकत नाही, म्हणून सोबतच्या टिपेत आवृत्तीचा क्रमांक लिहिणे अनिवार्य समजावे.

ज्यांना केवळ पुन्हा वापरता येणारी शैली द्यायची आहे, त्यांनी डार्कटेबलमध्ये स्टाइल, म्हणजे निवडक मॉड्यूलच्या सेटिंगचा संच, तयार करताना कोणती मॉड्यूल समाविष्ट करायची याचा विचार करावा. क्रॉप, डाग काढणे, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ही त्या-त्या छायाचित्राची खासगी बाब असल्याने ती वगळावीत. आणखी एक गुंता असा की सेटिंगमध्ये काहींनी फिल्मिक, तर काहींनी सिग्मॉइड आपोआप लागेल असे ठरवलेले असते. फिल्मिकवर आधारलेली स्टाइल सिग्मॉइड सुरू असलेल्या छायाचित्राला जोडली तर दोन्ही एकाच वेळी काम करू लागतात आणि चित्र विचित्र दिसते. दोहोंपैकी कोणते गृहीत धरले आहे, हे स्टाइलच्या नावातच लिहावे. रॉथेरपीमध्येही निवडक नियंत्रणांचीच अर्धवट प्रोफाइल साठवता येते आणि वाटण्यासाठी तीच योग्य.

परवानगीचा मुद्दा लोक टाळतात, पण तो दोन ओळींत संपतो. भारतात छायाचित्रावरील स्वामित्वहक्कासाठी नोंदणी लागत नाही, त्यामुळे काहीच लिहिले नाही तर घेणाऱ्याला त्यावर प्रयोग करून निकाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळत नाही. श्रेय हवे असल्यास क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय, आणि कोणतीही अट नको असल्यास सीसी झिरो, असे टिपेत स्पष्ट लिहावे. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र असेल तर तिची संमती ही वेगळी बाब आहे आणि हा परवाना तिची जागा घेत नाही.

याहून अधिक काळजी ठिकाणाची घ्यावी. सह्याद्रीतील एखाद्या दुर्मिळ आमरीचे किंवा घरट्यावरील पक्ष्याचे छायाचित्र देताना जेपीईजीतून जीपीएसची माहिती काढणे पुरेसे नाही, कारण ती रॉ फाइलमध्ये आणि साइडकारमध्येही असू शकते. फिल हार्वी यांच्या एक्झिफटूल या मोफत साधनाने ती काढता येते. हे काम नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलवर नव्हे. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि मालकाचे नावही याच वेळी तपासून घ्यावे.

पाठवताना रॉ फाइल, साइडकार, तयार जेपीईजी आणि टीप यांची एक झिप करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे झाल्यास छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर जेपीईजी आक्रसते. झिप पाठवण्याआधी ती स्वतःच्या संगणकावर एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये, शक्य झाल्यास दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यातून, उघडून पाहावी. तिथे उमटलेले चित्र सोबतच्या जेपीईजीशी जुळले नाही, तर काहीतरी आपल्याच सेटिंगमध्ये राहून गेले आहे असे समजून ते शोधावे आणि झिप नव्याने करावी.