जुन्या टचफोनवर टाइप करताना या चुका टाळा

बटणांच्या ब्लॅकबेरीवर किंवा नोकिया ई७१वर हात बसलेली मंडळी हौसेने जुना टचफोन घेतात आणि ‘याच्यावर टाइपच होत नाही’ म्हणून दोन दिवसांत कपाटात टाकतात. व्यवस्थित होतं. आधी काच ओळखा.

नोकिया ५८००ची स्क्रीन रेझिस्टिव्ह. वरचा लवचिक थर दबून खालच्या थराला टेकला, तरच अक्षर उमटतं. तिथे नख किंवा स्टायलस (टोकदार काडी) वापरा. बोटाच्या मांसल भागाने दाब पसरतो. अक्षरं सतत एकाच बाजूला चुकत असतील तर सेटिंग्जमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे स्पर्शाची जागा पुन्हा जुळवून घ्या. आयफोनची कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाचा नुसता स्पर्श ओळखणारी. तिला नख कळत नाही आणि जोरही लागत नाही. उलट, दाबलं की बोट पसरतं आणि शेजारचं अक्षर लागतं.

आयफोनवर अक्षर उमटतं ते बोट उचलल्यावर. चुकीच्या अक्षरावर टेकलात तर न उचलता योग्य अक्षरावर सरका, मग सोडा. शब्दाखाली फोनने सुचवलेल्या शब्दाचा फुगा आला की नवखे तो शब्द घ्यायला फुग्यावरच टॅप करतात आणि सूचना घालवून बसतात. ती हवी असेल तर स्पेस द्या, नको असेल तरच फुग्याला हात लावा. दर अक्षराला मागे जाऊन खोडत बसू नका, शब्द पूर्ण करा. हा धीर नसेल तर बटणांचाच फोन बरा.

सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या २००८च्या ब्लॅकबेरी स्टॉर्मने. त्याची अख्खी स्क्रीन म्हणजे एकच मोठं बटण. दोन्ही अंगठे भराभर चालवणाऱ्यांचा तिथे घात झाला, कारण पहिला अंगठा सुटून स्क्रीन वर आल्याशिवाय दुसरं अक्षर दाबलंच जात नाही. पुढच्या वर्षीच्या स्टॉर्म २मध्ये कंपनीला ही रचनाच बदलावी लागली. पहिला स्टॉर्म हातात असेल तर आडवा धरा, बोट टेकवा, अक्षर उजळलं की दाबा, पूर्ण सोडा, मग पुढचं. वेग कमीच राहणार, घाई केलीत तर अक्षरं गळतील.

पूर्णविरामासाठी चिन्हांचा कीबोर्ड उघडू नका. आयफोनवर स्पेस लागोपाठ दोनदा.

रेझिस्टिव्ह स्क्रीनवर जाड संरक्षक काच कधीही लावू नका.

एचटीसी ड्रीम या जुन्या अँड्रॉइड फोनवर कीबोर्ड सापडत नाही? अँड्रॉइड १.५च्या आधी स्क्रीनवर कीबोर्ड नव्हताच. स्क्रीन बाजूला सरकवा, बटणं खाली आहेत.