बोलण्यातली पालुपदं कशी कमी करावीत?

‘म्हणजे’, ‘बेसिकली’, ‘काय म्हणतात त्याला’, ‘कळलं ना?’ अशी पालुपदं बोलणाऱ्याच्या कानावर पडतच नाहीत. ऐकणाऱ्याचं मात्र हळूहळू तिकडेच लक्ष जायला लागतं. म्हणून सुरुवात स्वतःचं बोलणं ऐकण्यापासून करावी.

मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्डिंग करा. वाचून दाखवू नका, वाचताना पालुपदं येत नाहीत. भरली वांगी कशी करतात किंवा घरून स्टेशनला कसं जायचं, हे न थांबता सांगा. मग त्यातली दोन मिनिटं ‘अं’सकट शब्दशः कागदावर उतरवा. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आता पालुपदांना गोल करा. ‘सोलकढी म्हणजे कोकम आणि नारळाचं दूध’ यातल्या ‘म्हणजे’ला हात लावू नका, तो कामाचा आहे. जो काढल्यावर अर्थ बदलत नाही, तोच गोलात घ्या.

गोल वाक्यात कुठे पडला, यावरून कारण कळतं. सुरुवातीचं ‘ॲक्च्युअली’ म्हणजे तोंड उघडलं, पण वाक्य ठरलेलं नाही. शेवटचं ‘बरोबर ना?’ समोरच्याचा होकार मागतं. मधलं ‘ते हे’ नाव आठवत नसल्याचं लक्षण. बातमीदारांचं ‘पोलीस जे आहेत ते’ आणि भाषणांतलं ‘या ठिकाणी’ पुढचं सुचेपर्यंत वेळ काढतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे लांबलेल्या वाक्यात माणूस हमखास अडकतो. दहा-बारा शब्दांत क्रियापद गाठा आणि ‘आणि’ न जोडता थांबा.

एका वेळी एकच पालुपद धरा, सगळ्यांत जास्त गोल असलेलं. ते ओठांवर आलं की तोंड मिटून नाकानं श्वास घ्या. श्वास आत जाताना ‘अं’ सहसा निघत नाही. ही सेकंदभराची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते, ऐकणाऱ्याला ती जेमतेम जाणवते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ती भरून काढायला ते भरभर बोलू लागतात आणि ‘म्हणजे’च्या जागी ‘ॲक्च्युअली’ येऊन बसतं. म्हणून दर आठवड्याला नव्या विषयावर रेकॉर्डिंग करून पुन्हा मोजा.

घरातल्या एकाची मदत घ्या. जेवताना दहा मिनिटं, पालुपद आलं की त्यानं फक्त बोट वर करायचं, टोकायचं नाही. ‘टोस्टमास्टर्स’ या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या सभांमध्ये ‘अं’ मोजायला एक सभासद नेमलेला असतो, तो याचसाठी. पाहुण्यांसमोर हा प्रयोग नको. तिथे माणूस ओशाळतो आणि आणखी अडखळतो.

ज्यांना तोतरेपणाचा त्रास आहे, त्यांच्यावर हा उपाय लादू नका. ती सवय नव्हे, त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञच हवा.

फोनवरचं ‘हं, हं’ही राहू द्या. ते थांबलं की पलीकडचा ‘हॅलो, ऐकताय ना?’ विचारू लागतो.